यादी नको, नियम सांगा

माझं डोकं लवकर तापतं, हे आरमोरीतल्या आमच्या कार्यालयात प्रिंटरलासुद्धा ठाऊक आहे. तरी त्या सोमवारी मी साहेबांसमोर आवाज चढवला नाही. नुसतं म्हटलं, "मॅक्रो एकच करते साहेब. पण नियम एकच करणार नाही."

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "दोन्ही एकच गोष्ट आहे, मॅडम."

"नाही. आणि शुक्रवारपर्यंत मी ते तुम्हाला दाखवते."

बोलून बसले खरी, पण दाखवायचं कसं हे मला तेव्हा अजिबात माहीत नव्हतं.

आमच्याकडे गावोगावी जुने तलाव आहेत. पावसानं मध्येच दडी मारली की धानाला तेच पाणी. तलावाच्या ज्या तोंडातून पाणी सुटतं त्याला तुडूम म्हणतात आणि ते उघडणाऱ्या माणसाला पाणकर. पाणी आधी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात जायचं, मग कुणाच्या, यावरून पूर्वी डोकी फुटायची. म्हणून बऱ्याच गावांच्या पाणीसमित्यांनी मिळून आरमोरीत एक सामाईक कार्यालय काढलं. तिथून पाण्याच्या पाळीचं पत्रक छापून जातं आणि पाणकर त्या कागदाप्रमाणे पाणी सोडतो. हे पत्रक मी काढते. संगणकावर तक्ता असतो, त्यात शेतकऱ्यांची नावं, बांधीचं क्षेत्र, धान हलका की भारी. बटण दाबलं की मॅक्रो चालतो, म्हणजे तक्त्याला आधीच लिहून दिलेली कामं तो एकामागून एक करतो. क्रम लावतो, वेळा मांडतो, पत्रक छापतो.

अडचण अशी की गावागणिक रीत वेगळी. एका गावात तुडमाजवळच्या बांधीपासून सुरुवात, मग खाली खाली. दुसऱ्यात हलका धान आधी, कारण तो आधी निसवतो, त्याला लोंबी लवकर येते. तिसऱ्यात बांधावर बसून सुपात चिठ्ठ्या टाकतात. मी प्रत्येक गावासाठी आधीच्या गावाचा मॅक्रो उचलायचा, त्याची नक्कल करायची आणि मधल्या चार ओळी बदलायच्या, असं करत आले होते. त्यामुळे एखादी चूक सापडली की ती सगळ्या नकलांमध्ये जाऊन दुरुस्त करावी लागायची आणि एखादी हमखास सुटायची. साहेब पश्चिमेकडून बदलून आलेले, पाटबंधाऱ्याचं शिक्षण घेतलेले. त्यांनी हा पसारा पाहिला आणि हात जोडले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: एक मॅक्रो, एक नियम. पाणी वरून खाली वाहतं, तर पाळीही वरून खाली.

नकलांबद्दल साहेब बरोबर होते, हे मला मनातून मान्य होतं आणि त्यामुळेच जास्त राग येत होता.

कार्यालयाबाहेरच्या बाकावर त्या दिवशी एक बाई बसल्या होत्या. जंगलाच्या कडेच्या गावातल्या, गोंड घरातल्या. त्यांची बांधी पाटाच्या अगदी शेवटी, शेपटाला. मोहफुलाच्या दिवसांत त्या बाजाराला आल्या की आमच्याकडे पाणी प्यायला थांबायच्या, तेवढी ओळख. त्यांनी मला हाक मारली.

"पोरी, तुमचा कागद यंदा वरून सुरू होते म्हणून राह्यले. खरं का?"

"अजून ठरलं नाई. काऊन?"

"मांगच्या पाळीले पाणी माह्या धुऱ्यापर्यंत, बांधीच्या काठापर्यंत आलं अन् सरलं. आमच्या गावात जिथी सरलं तिथूनच पुढची पाळी सुरू होते. म्हंजे आता माही पहिली. वरून सुरू झालं तर मी पुन्हा शेवटची. अन् तलावात आता सगळ्याइले पुरल एवढं पाणीच नाई."

भादवा होता. पावसाचा खंड लांबला होता. धान निसवायच्या बेतात होता, आणि त्या दिवसांत पाणी मिळालं नाही तर लोंबी येते पण आत दाणा भरत नाही. तलाव अर्ध्याच्याही खाली गेल्याचं पाणकरानं कळवलं होतं. म्हणजे पत्रकात जो शेवटी, त्याचं धान यंदा पोचट. रविवारी तुडूम उघडणार होतं.

त्यांच्या गावासाठी माझ्याकडे मॅक्रोच नव्हता. तिथला पाणकर फोनवर क्रम सांगायचा आणि मी तो तसाच टंकायची. साहेबांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं: फोनवरून कुणीही काहीही सांगेल, हे बंद. शुक्रवारपर्यंत त्या गावाचा नियम लेखी आणि चालता झाला नाही, तर वरून खाली.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. डोक्यातली कल्पना अशी होती: मॅक्रो एकच ठेवायचा, पण "आता पुढची बांधी कुणाची" हा प्रश्न त्यानं स्वतः सोडवायचाच नाही. त्यासाठी प्रत्येक गावाचं एक छोटं फंक्शन लिहायचं, म्हणजे प्रश्न घेऊन उत्तर देणारा एक छोटा आज्ञासंच. आणि मॅक्रोला चालवताना जसा आपण आकडा देतो, गावाचं नाव देतो, तसंच हे फंक्शन त्याच्या हातात द्यायचं. नियम पाहुणा, मॅक्रो घरवाला. घर तेच राहील, पाहुणे बदलतील.

ऐकायला सोपं आहे. पण आमच्या तक्त्याच्या मॅक्रोची भाषा जुन्या वळणाची. तिच्यात फंक्शन असं उचलून दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. त्याचं नाव लिहिलं रे लिहिलं की ती समजते, हे आत्ताच चालवायचं आहे. चालवते, आणि पुढं देते ते त्याचं उत्तर. किंवा अडून बसते आणि म्हणते, याला लागणारी माहिती कुठाय? मी नाव कंसात घातलं, कंसाबाहेर काढलं, उलटं केलं, सुलटं केलं. तीच लाल खूण, तोच निरोप.

स्वयंपाकघरात अम्मीचं शेव-चकल्यांचं काम चाललं होतं. गणपतीच्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या अर्ध्या घरांचा फराळ आमच्याकडे होतो. सोऱ्यातून शेव पडत होती. मग तिनं सोऱ्या उघडला, शेवेची चकती काढली, चांदणीची बसवली, आणि चकल्या पडू लागल्या.

मी उंबऱ्यात उभी राहून बघत राहिले.

"क्या देख रही?" अम्मीनं विचारलं.

"सोऱ्या."

"बीस साल से यही सोऱ्या है. आज दिखा तुझे?"

मला हवं होतं ते नेमकं हेच होतं. दांडा दाबायचं काम सोऱ्याचं, आकार द्यायचं काम चकतीचं. मी मात्र मॅक्रोला चकतीऐवजी तळलेली चकली देत होते आणि तो ती दाबत बसला होता. अम्मीला हे सांगितलं असतं तर तिनं मला पाटावर बसवून चकल्या पाडायला लावल्या असत्या, म्हणून गप्प राहिले.

मग वाट सापडली. फंक्शन देता येत नसेल, तर त्याचं नुसतं नाव द्यायचं, अवतरणात, साध्या अक्षरांसारखं. अक्षरं काही आपोआप चालत नाहीत, ती निमूट पुढं जातात. आत गेल्यावर मॅक्रोनं त्या नावाचं फंक्शन शोधायचं आणि गरज पडेल त्या क्षणी हाक मारून चालवायचं. अशी हाक मारणारी एक आज्ञा त्या भाषेत होती, मी ती कधी वापरली नव्हती एवढंच. तक्त्यात प्रत्येक गावापुढं एक रकाना वाढवला: नियमाचं नाव. नाव रोमन अक्षरांतच द्यावं लागलं, कारण मॅक्रो लिहायच्या खिडकीत मराठी घातलं की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात.

मंगळवारी दुपारपर्यंत ओळखीच्या गावांचे नियम त्यात बसले. वरून खाली चाललं. हलका धान आधी चाललं. नकलांचं जंगल मी एकेक करून पुसून टाकलं आणि पुसताना मला फार आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

राहिलं ते शेपटाच्या बाईंचं गाव. मी स्कूटी काढली. तो रस्ता जंगलातून जातो आणि दिवस कलायच्या आत परत यायचं असतं, म्हणून बुधवारी सकाळीच गेले. पाणकर भाऊ घरासमोर सुतळी वळत बसले होते. वयानं माझ्या वडिलांएवढे. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या गावचा पाण्याचा नियम सांगा."

"लिवून घ्या," ते म्हणाले आणि नावं सांगू लागले. आधी शेपटाची बाई, मग वरची दोन भावांची बांधी, मग आंब्याखालचा, मग बाईच्या बाजूचा. चूल पेटवता पेटवता त्यांच्या बायकोनं एक नाव दुरुस्त केलं. मी सगळं लिहून घेतलं, चहा घेतला आणि खूश होऊन परत आले. फंक्शन लिहिलं. त्याला पुढची बांधी विचारली की ते त्या क्रमातलं पुढचं नाव द्यायचं.

त्याच दुपारी साहेबांना दाखवलं. त्यांनी पत्रक पाहिलं. मग स्वतः खुर्चीवर बसले, तक्त्यात गेले आणि "मागच्या पाळीत पाणी कुठं सरलं" या चौकटीत शेपटाऐवजी मधल्या आंब्याखालची बांधी घातली. बटण दाबलं.

पत्रक तेच आलं. आधी शेपटाची बाई, मग वरचे दोन भाऊ.

"पाणी मध्ये सरलं तरी सुरुवात शेपटापासूनच?" साहेबांनी विचारलं.

मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

"मॅडम, हा नियम नाही. ही यादी आहे. फोनवर यायची तीच, फक्त आता ती फंक्शनमध्ये बसवली आहे."

त्यांच्या बोलण्यात कुजकटपणा नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं. निदान मला भांडता आलं असतं. मी भाषेला जे करू दिलं नव्हतं, ते गावानं माझ्याकडून करवून घेतलं होतं. नियम मागितला, उत्तर मिळालं, आणि मी ते उत्तर नियम समजून पुढं दिलं.

"शुक्रवार अजून उजाडला नाही," मी म्हटलं आणि लॅपटॉप उचलला.

गुरुवारी पुन्हा गेले. या वेळी अंगणात बसायचं नाही असं ठरवूनच गेले. पाणकर भाऊंना म्हटलं, "चला, पाटावर जाऊ. मी पाणी. तुडमातून निघाली आता. मले सांगा, कुठी वळू?"

ते हसले. शेपटाच्या बाईही आल्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. पण आम्ही निघालो. धान पोटरीला आलेलं, पानं टोकाशी पिवळी पडू लागलेली. पाटात पाणी नव्हतंच, मी कोरड्या पाटातून चालत होते आणि भाऊ काठावरून.

"सरळ जाय, शेपटाले," भाऊ म्हणाले.

"काऊन?"

"काऊन म्हंजे? तिचीच पहिली."

"पण काऊन तिची?"

"मांगं तिच्यापाशी सरलं म्हणून."

हे लिहून घेतलं. "आता समजा, मांगं पाणी या आंब्याखाली सरलं असतं."

"इथी सरलंच नाई."

"समजा ना भाऊ."

"जे झालं नाई ते काऊन समजू?"

मी हात टेकले. उन्हानं डोकं तापलं होतं, एरवीही ते तापायला फार काही लागत नाही. शेवटी मी आंब्याखाली पाटात बसकणच मारली. "मी पाणी आहे अन् मी इथीच सरली. उठणार नाई. पुढच्या पाळीले काय करान?"

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं, मग आंब्याकडं. "उठा जी मॅडम, मुंग्या आहेत तिथी." आणि मग आपसूकच म्हणाले, "मंग पुढच्या खेपेले इथून खाली, शेपटापर्यंत. अन् मंग वरून इथपर्यंत."

हाच तर नियम होता! मी मुंग्या झटकत उठले. त्यानंतर सगळं सोपं झालं. प्रत्येक बांधीशी मी थांबायची आणि काऊन विचारायची. आंब्याखालच्या बांधीवाल्यांच्या घरात गेल्या महिन्यात मयत झाली होती. मी विचारलं, त्यांची पाळी जाते का? भाऊंना हा प्रश्नच आवडला नाही. "जाईल कशी? दुखवट्याच्या घरचे पाण्याले येत नाईत. बाजूचा त्याइच्या बांधीत पाणी वळवते. पाळी तिथल्या तिथीच." मी तेही लिहिलं. अंगणात बसून हे भाऊंना सांगता आलं नसतं. त्यांचे पाय पाटावर असले तरच त्यांना ते आठवत होतं, आणि मला तरी कुठं माझा मॅक्रो चालवल्याशिवाय कळतो?

असं करत आम्ही शेपटाशी पोचलो. तिथं पाटाचा शेवटचा तुकडा बेशरमाच्या झुडपांनी भरला होता. चालायलाही जागा नव्हती.

"इथून पाणी कसं जाणार?" मी विचारलं.

भाऊ दुसरीकडं बघत म्हणाले, "पाट ज्याचा त्यानं साफ करायचा असते. रोवणा झाला की सगळे आपापला वाटा करतात. घरच्याच हातानं. ज्याचा वाटा राह्यला, त्याची पाळी सगळ्याइच्या मांगं."

"आणि हा वाटा कुणाचा?"

"माहा," बाई म्हणाल्या.

धानाच्या लावणीचा हा रोवणा आटोपला तेव्हा त्या चिमूरला होत्या, लेकीच्या बाळंतपणाला. मुलगा बल्लारपुरात कामाला, त्याला सुटी नाही. परत आल्या त्या तापानं पडल्या. वाटा राहून गेला तो राहूनच गेला.

माझा संताप झाला. "बाई, मले हे आधी काऊन नाई सांगितलं?"

"तू इचारलं कुठी? तू तर नावं मांगत होती."

"आणि भाऊ, तुमी पहिलं नाव यांचंच सांगितलं!"

भाऊंनी मान खाली घातली. त्यांना वाटलं होतं, तापाची बाई, जाऊ द्या. कागदावर नाव आलं की कुणी काही बोलणार नाही. वाईट मनानं केलेलं नव्हतं. पण शेजारच्या गावच्या काही लोकांच्या बांध्याही त्याच पाटावर आहेत, आणि ते बोललेच असते.

परतीच्या रस्त्यावर माझ्या डोक्यात एकच ओळ घोळत होती. नियमाच्या फंक्शनमध्ये फक्त एक ओळ: नाव या बाईचं असेल तर पाटाची सफाई तपासू नकोस. कुणाला दिसली नसती. साहेबांना मॅक्रो वाचायची सवय नाही. मी त्या बाईंच्या धानासाठीच तर भांडत होते. मला रडू येत होतं आणि ते रागाचं होतं. पण निघताना बाईंनी माझ्या स्कूटीचं हँडल धरलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "जसं हाय तसंच लिव पोरी. माह्यासाठी येगळं लिवशील तर उद्या वरचे त्याइच्यासाठी येगळं लिवून घेतीन. मंग मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?"

ती ओळ मी लिहिली नाही. तक्त्यात दोन नवे रकाने केले, पाट साफ आणि दुखवटा. फंक्शन पुन्हा लिहिलं. आता त्यात एकही नाव नव्हतं. मॅक्रो प्रत्येक बांधी झाली की त्याला हाक मारणार, राहिलेल्या बांध्या पुढं ठेवणार, आणि ते त्या वेळची स्थिती बघून सांगणार, आता ही.

शुक्रवारी साहेब बसले. त्यांनी पाणी आंब्याखाली सरवलं, क्रम बदलला. वरच्या बांधीत सरवलं, पुन्हा बदलला. एका घराला दुखवटा लावला, त्याची पाळी जागची हलली नाही. एका चांगल्या घराचा पाट त्यांनी मुद्दाम घाण केला, ते घर शेवटी गेलं. मग नियमाच्या रकान्यात दुसऱ्या गावच्या नियमाचं नाव टाकून पाहिलं, मॅक्रोला हात न लावता सगळं पत्रक हलक्या धानाच्या हिशोबानं आलं. मग चुकीचं नाव टाकलं. मॅक्रो थांबला आणि म्हणाला, असा नियम नाही, तपासा. ती सोय मी आधीच करून ठेवली होती.

शेवटी त्यांनी खरी माहिती भरली आणि बटण दाबलं. पत्रक बाहेर आलं. साहेबांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं.

"तुमची ती बाहेर बसलेली बाई शेवटी आली आहे."

"हो."

"तुम्ही हे सगळं त्यांच्यासाठी करत होता असं मला वाटलं."

"मलाही वाटत होतं," मी म्हटलं.

साहेबांनी पत्रक टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "तुम्ही म्हणत होता ते आत्ता कळलं. मॅक्रो एक, नियम ज्याचा त्याचा." त्यांनी वरून-खालीच्या तयार ठेवलेल्या आदेशाचा कागद फाडला नाही, त्यांची ती पद्धत नाही. फाइलमध्ये मागं लावला. "रविवारी तुडूम उघडायच्या आधी मीच येतो. छापील पत्रक तिथंच काढू. लॅपटॉप घ्या आणि तो लहान प्रिंटर."

मी हो म्हटलं. पण मला आनंद झाला नाही. मी भांडण जिंकले होते आणि बाईंचं धान हरलं होतं, असंच मला वाटत होतं.

शनिवारी मी मुद्दाम फोन केला नाही. काय विचारणार होते?

रविवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा दोन्ही गावांची माणसं तलावाच्या बांधावर जमली होती. शेपटाच्या बाई त्यांच्यात नव्हत्या. मी पाणकर भाऊंकडं पाहिलं. ते म्हणाले, "चला, पाट पाहून येऊ. कागदात लिवाच्या आधी पाहा लागते." साहेबही निघाले, पायातले बूट सांभाळत. एकेक वाटा बघत आम्ही खाली गेलो. शेवटच्या वळणावर मी थबकले.

बेशरमाची झुडपं धुऱ्यावर ढीग करून पडली होती. मुळांसकट उपटलेली. पाट तळापर्यंत खरवडलेला, माती दोन्ही काठांना सारखी थापलेली. बाई शेवटच्या टोकाला उभ्या होत्या, हातात कुदळ, तळहाताला फडकं बांधलेलं. गुरुवारी मी परत गेल्यापासून त्या पाटातच होत्या, असं भाऊंनी सांगितलं. कुणी मदतीला गेलं तर हाकलून देत होत्या, कारण वाटा घरच्याच हातानं करायचा असतो आणि घरात त्या एकट्याच होत्या.

भाऊ त्या तुकड्यातून अनवाणी चालत गेले. दोन ठिकाणी टाच रोवून पाहिली. परत आले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "साफ."

मी धुऱ्यावरच लॅपटॉप उघडला. बाईंच्या नावापुढं पाट साफ या रकान्यात "नाही" होतं, तिथं "हो" केलं. बाकी कशालाही हात लावला नाही. मॅक्रोला नाही, नियमाला नाही. मग लॅपटॉप साहेबांपुढं धरला, कारण बटण त्यांनी दाबावं असं मला वाटलं. त्यांनी दाबलं. प्रिंटरनं कुरकुर केली आणि कागद बाहेर ढकलला.

पहिली ओळ शेपटाच्या बांधीची होती.

भाऊंनी तो कागद बांधावर जाऊन मोठ्यानं वाचून दाखवला. वरच्या बांधीवाल्यांपैकी एकानं विचारलं, शेपटाची पहिली कशी? भाऊंनी सांगितलं, मांगं तिथं सरलं होतं आणि पाट साफ आहे, जाऊन पाहून ये. तो गेला नाही. तुडूम उघडलं. पाणी आधी मळकट, मग स्वच्छ, पाटातून आमच्या आधी निघालं आणि आम्ही त्याच्या मागं चालत गेलो. शेपटाशी पोचलो तेव्हा बाईंनी धुरा फोडून ठेवला होता. पाणी आत वळलं आणि धानाच्या बुडाशी सुटलेल्या भेगांत शिरताना बारीक बुडबुडे येऊ लागले. मी तिथंच बसले आणि या वेळी मुंग्यांची पर्वा केली नाही.

बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पाण्याकडं बघत त्यांनी विचारलं, "पोरी, खरं सांग. त्या मशिनीत माहं नाव लिवलं होतं का तू? पहिलं द्या म्हणून?"

"नाही बाई. नियमात तुमचं नाव कुठंच नाही. कुणाचंच नाही."

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि कुदळ घेऊन पाण्याला वाट करून द्यायला बांधीत उतरल्या.